माहेरवाशिणीचा आहेर

कोषागारात पस्तीस वर्षे इतरांच्या खर्चावर शेरे मारून सेवानिवृत्त झालेल्या मनुष्याने आपल्या उपदानाची रक्कम एका भिंगात घालावी, ते भिंग त्याच्या मनगटाहून जाड आणि त्याच्या स्वभावाइतकेच जड निघावे, आणि ते गळ्यात अडकवून फाल्गुनाच्या अखेरीस त्याने पक्ष्यांची छायाचित्रे टिपण्यास्तव कर्नाटकातल्या पाणथळींचा रस्ता धरावा, हा व्यवहार लेखापरीक्षणाच्या कोणत्याही नियमात बसणारा नाही. सौभाग्यवतींनी लेखी हरकत घेतली नाही; "पक्षी आपल्या गच्चीवरही येतात, आणि फुकट येतात," एवढा तोंडी आक्षेप नोंदवून त्यांनी माझ्या पिशवीत लाडवांचा डबा ठेवला.

आमच्या तुकडीत नऊ जण होते आणि आमचा मार्गदर्शक पंचविशीतला, अत्यंत तज्ज्ञ व तितकाच उतावळा तरुण होता. इतर आठांना तो 'सर' म्हणे, मला 'काका'. माझ्यापेक्षा वयाने दोन वर्षांनी मोठे असलेले एक निवृत्त अभियंतेही त्याच्या लेखी 'सर'च होते. तेव्हा ही पदवी वयामुळे नसून माझ्या भिंग धरण्याच्या पद्धतीमुळे मिळाली असावी, असा माझा तर्क आहे. ते मी तान्ह्या मुलासारखे कडेवर घेत असे.

श्रीरंगपट्टणाजवळचे रंगनतिट्टू पहिल्या दिवशी उरकले. सतराव्या शतकात कावेरीला बांध घातल्यामुळे पाण्यात उरलेल्या त्या चिमुकल्या बेटांना सालिम अली यांनी १९४० साली म्हैसूरच्या दरबारी शब्द टाकून अभय मिळवून दिले, त्या बेटांवर चमचे, मुग्धबलाक, चित्रबलाक, रातबगळे यांची दाटी होती, आणि होडी हेलकावत होती. याहून अधिक मला सांगता येणार नाही, कारण माझे सारे लक्ष एका मगरीवर खिळले होते. कळ दाबून धरली की यंत्र आपण होऊन चित्रांमागून चित्रे काढीत सुटते, हे मला नुकतेच समजले होते. त्या मगरीची नऊशे बारा चित्रे निघाली, कार्ड तुडुंब भरले, आणि रात्री मार्गदर्शकाने ती पाहून अत्यंत मृदू स्वरात सांगितले, "काका, हा दगड आहे." मगर त्याच्या शेजारी होती. तिचे शेपूट तीन चित्रांत आले आहे.

दुसऱ्या दिवशी कोक्करेबेळ्ळूर. मंड्या जिल्ह्यातल्या मद्दूर तालुक्यात हे गाव आहे. त्याचे मूळ नाव नुसते बेळ्ळूर, परंतु कोक्करे म्हणजे बगळ्या-करकोच्यांच्या कुळातल्या पक्ष्यांनी पुढे सातबाऱ्यावर आपले नाव चढवावे तसे ते गावाच्या नावावर चढविले. झोळीवाले, म्हणजे पेलिकन, आणि चित्रबलाक इथे अरण्यात नव्हे, माणसांच्या परसातल्या चिंचांवर घरटी करतात. खाली गुरे बांधलेली, दोरीवर लुगडी वाळत घातलेली, आणि वर फांदीफांदीवर पोते टांगल्यासारखे ते अगडबंब पक्षी. त्यांच्यासाठी लोक चिंचेच्या पिकावर पाणी सोडतात. सरकार झाडामागे काही भरपाई देते. खाली पडणारी विष्ठा मात्र कोणी वाया जाऊ देत नाही, ती खत म्हणून शेतात जाते. हा जमाखर्च मला फार आवडला. लेखापरीक्षक असूनही मला त्यात खोट काढता आली नाही.

तेवढ्यात मार्गदर्शकाला उड्डाणाचे चित्र हवे झाले. आठही सर तिपायांमागे सज्ज होते. कार्ड भरल्यामुळे रिकाम्या हाताने लाडू खात उभा होतो तो मी एकटाच.

"काका, एक टाळी वाजवा ना जोरात."

आता येथे माझा अहंकार आडवा आला. वीस वर्षे भजनी मंडळात काढलेल्या हातांची टाळी ती. मी लाडू तोंडात कोंबला, बरोब्बर एका घरट्याखाली जाऊन उभा राहिलो आणि ती दिली. सात झोळीवाले धडधडत उडाले, आठ यंत्रे कडकडली. घरट्यात मागे राहिलेल्या पिलाला मात्र उडता येत नव्हते. घाबरलेली पिले पोटातले बाहेर टाकतात, ही माहिती मार्गदर्शकाने मला नंतर दिली. त्या पिलाच्या पोटात त्या दिवशी सकाळपासून जे जे मत्स्यभोजन जमा झाले होते ते अर्धवट पचलेल्या, कोमट आणि पुष्कळशा प्रवाही स्थितीत माझ्या टकलावर, चष्म्यावर, सदऱ्यावर आणि, लाडू चघळण्यासाठी उघडलेले तोंड मिटण्याआधीच, थोडेसे त्याहून आतही येऊन पोहोचले. एक बोटभर मासोळी खिशात उतरली. तो गंध मी वर्णीत नाही. गोठ्यातली म्हैस दावे ताणून मागे सरली, एवढेच नमूद करतो.

आठही सर हसले. मीही हसणार होतो. परंतु समोरच्या घरातून एक म्हातारी काठी घेऊन बाहेर आली आणि तिने माझ्याकडे पाहून जो कन्नड तोफखाना सुरू केला त्यापुढे हसू विरले. सोलापुरात तीन वर्षे नोकरी झाल्यामुळे ती भाषा मला शिव्यांपुरती कळते. तिच्या नातवाने मोडक्या हिंदीत उरलेले सांगितले: या लेकी आहेत, बाळंतपणाला माहेरी आल्या आहेत, आणि बाळंतिणीच्या डोक्याशी कोणी टाळ्या पिटतो का? मार्गदर्शक काही तरी इंग्रजीत पुटपुटला. त्याची मला भयंकर चीड आली, आणि लगेच आठवले की हात माझे होते.

मग त्याच म्हातारीने मला मानेला धरून न्हाणीच्या दगडावर बसविले आणि शिव्यांचा ओघ तसूभर न तोडता माझ्या डोक्यावर तांब्यामागून तांब्या कढत पाणी ओतले. माझी आई गेल्याला आता चाळीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत मला कोणी असे रागावून न्हाऊ घातले नव्हते. सदरा तिने घंगाळात पिळला आणि ते पाणी मोरीत न टाकता परसातल्या मिरच्यांच्या बुंध्याशी नेऊन ओतले.

नातवाची लुंगी नेसून मी बाहेर आलो तेव्हा गाडी सुरू झाली होती. मी वर पाहिले. सहा परतले होते. उडाले सात होते. रुजवात झाल्याखेरीज दप्तर मिटण्याची मला सवय नाही. मार्गदर्शकाने तीनदा भोंगा वाजविला, उन्हे चढली, एक कावळा रिकाम्या घरट्याच्या काठावर येऊन बसला, आणि म्हातारीने काठी आपटून त्याला हुसकला. आम्ही दोघे माना वर करून उभे होतो. ती आता शिव्या देत नव्हती.

शेवटी शिंशा नदीच्या बाजूने सातवा आला, पंख मिटताना जरासा धडपडला आणि बसला. कन्नडात पक्षी आला की नपुंसकलिंगी 'आले' म्हणतात. म्हातारी म्हणाली, "बंद्लु." आली.

मी ओला सदरा खांद्यावर टाकला आणि गाडीत शेवटच्या बाकावर, खिडकी उघडी ठेवून, एकटा बसलो.