खोटं असू दे हो, पण नीट ठरवा!

"ते सगळं खोटं असतं बरं का." डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीची कुस्ती बघणाऱ्या माणसाला हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकावं लागतं, ऑफिसात डबा खाताना ऐकावं लागतं, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना ऐकवलं. सांगणारा आवाज खाली आणून सांगतो. आपल्याला एकदम धक्का बसू नये, ही त्यामागची माणुसकी.

काका, माहीत आहे. न्यू जर्सीच्या सिनेटलाही माहीत आहे. १९८९ साली या कंपनीनेच तिथे सांगून टाकलं की आमचा खेळ म्हणजे खेळ नव्हेच, ती करमणूक आहे. एका रात्रीत सत्याचा साक्षात्कार झाला म्हणून नव्हे. क्रीडा आयोगाची देखरेख नको होती आणि कर नको होता म्हणून. कर चुकवायला लोक खोटं बोलतात. ह्यांनी खरं बोलून वाचवला. अशा कंपनीचा फॅन असल्याची मला लाज का वाटावी?

शिवाय हे सांगणारे काका रात्री काय बघतात? गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकांना हुंदका आला की काकांना हुंदका येतो. तो हुंदका तीन बाजूंनी चित्रित झालाय, त्याखाली सनई भरली आहे आणि मध्ये जाहिरात घेतली आहे, हे त्यांना आम्ही कधी आवाज खाली आणून सांगितलेलं नाही.

तेव्हा खऱ्याखोट्याचा विषय निकालात. फॅनची तक्रार वेगळीच आहे. निकाल आधी ठरलेला असतो ना? मग तो धड ठरवा की! हातात पगारी लेखक आहेत, समोरचा माणूस सांगाल तिथे पडायला तयार आहे, पंच तुमचा, घंटा तुमची. एवढं असून शेवट चुकतो कसा? खऱ्या क्रिकेटमध्ये भारत हरला तर नशिबाला बोल लावता येतो. इथे नशीबसुद्धा पगारावर आहे.

खोटं बोल पण रेटून बोल, हा धडा कोळून प्यायलेला माणूस म्हणजे अंडरटेकर. मूळचा मार्क कॅलवे, राहणार ह्यूस्टन, टेक्सास. नोव्हेंबर १९९० मध्ये तो रिंगमध्ये आला आणि गाव सांगितलं गेलं डेथ व्हॅली. त्यानंतर वर्षानुवर्षं या गृहस्थाने चारचौघांतही चेहऱ्यावरची सुतकी कळा सोडली नाही. त्याचं फळ म्हणजे नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रातल्या तमाम शाळांच्या मागच्या बाकांवर एक गोष्ट एकमताने मंजूर होती: अंडरटेकरला सात जीव आहेत. पुरावा कुणी मागितला नाही. आमच्याकडे ट्रम्प कार्ड होते. त्यावर उंची, वजन, छाती, बायसेप्स असं सगळं छापलेलं, आणि छापलेलं ते खरं. वजनात योकोझुनाला तोड नव्हती. हा जपानी सुमो पैलवान मुळात सॅन फ्रान्सिस्कोचा सामोअन होता, हे कळायला आम्हाला नोकरीला लागावं लागलं.

आता गंमत बघा. १९९४ च्या समरस्लॅममध्ये कंपनीने खरा अंडरटेकर विरुद्ध नकली अंडरटेकर अशी लढत लावली. नकली म्हणजे ब्रायन ली नावाचा पैलवान. तो रीतसर हरला. दोन वर्षांनी 'खिलाडियों का खिलाडी' आला आणि त्यात अक्षय कुमारने ज्या अंडरटेकरला लोळवलं, तो हाच ब्रायन ली. म्हणजे तिकडे हरलेला नकली माल इकडे पडद्यावर पुन्हा हरला. थिएटरातून बाहेर पडताना निम्मी पोरं म्हणाली, अक्षयने अंडरटेकरला हरवलं. उरलेली निम्मी, हा तो नव्हेच, म्हणून हमरीतुमरीवर आली. पण दोन्हीकडच्या एकानेही 'सगळं खोटं असतं' असं म्हटलं नाही. इतका पक्का बंदोबस्त होता.

मग २०१४ उजाडलं. रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्यात, अंडरटेकरच्या २१ लढती, २१ विजय. न्यू ऑर्लिन्सला ब्रॉक लेस्नरने ती मालिका मोडली. पडद्यावर २१-१ उमटलं आणि सत्तर हजारांच्या आसपास लोक तोंडाचा आ करून उभे. लिहिणाऱ्यांना वाटलं, केवढा धक्का दिला! अरे, धक्का काय, अंगावर रिक्षा घातली तरी बसतो. लेस्नर आधीच यूएफसीत, म्हणजे खऱ्या मारामारीत, हेवीवेट विजेता होऊन आलेला. त्याला या विजयाने काय मिळालं? हाच विजय एखाद्या नव्या पोराच्या पदरात टाकला असता, तर तो त्यावर पुढची दहा वर्षं जेवला असता. गडगंज माणसाच्या आहेरात हजाराची नोट, तशातली गत.

बरं, मारामारीतलं खोटं तरी धड करावं. शॉन मायकल्स हनुवटीवर लाथ मारायचा तेव्हा 'फाट्' असा आवाज यायचा. तो हनुवटीचा नव्हे. लाथ उचलता उचलता मारणारा आपल्याच मांडीवर थाप देतो, त्याचा. जुन्या डबड्या टीव्हीवर ते कळायचं नाही. आता पंचावन्न इंची पडद्यावर तळवा दिसतो, मांडी दिसते, मांडीवर उमटलेली बोटंही दिसतात. आणि हल्लीची पोरं तर गुडघा मारताना, कोपर मारताना, सारखीच मांडी बडवतात. त्यापेक्षा रिंगच्या कडेला एक तबलजी बसवा.

रक्त मात्र खरं असायचं. मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा बारीक तुकडा खोचलेला. पडल्यावर चेहरा झाकायच्या मिषाने केसांच्या रेषेशी एक चीर द्यायची. घाम मिसळला की थेंबभराचं तोंडभर होतं. २००८ साली कंपनी लेकुरवाळी झाली, कार्यक्रम मुलांसाठी म्हणून मिरवू लागला आणि हे प्रकार आवरते घेतले गेले.

आणि ज्यांना सगळंच खोटं वाटतं त्यांच्यासाठी २८ जून १९९८, पिट्सबर्ग. अंडरटेकरने मिक फोली या पैलवानाला पोलादी पिंजऱ्याच्या छतावरून भिरकावलं. तो खालच्या निवेदकांच्या टेबलावर आदळला, टेबलाचा भुगा. त्याला स्ट्रेचरवर घालून न्यायला लागले, तर हा बाबा त्यावरून उतरला आणि पुन्हा छतावर चढला. या खेपेला जाळीच निखळली आणि तो थेट आत, रिंगमध्ये पाठीवर. मागोमाग एक खुर्ची. थोड्या वेळाने कॅमेरा जवळ गेला तेव्हा तुटलेल्या दाताचा तुकडा त्याच्या नाकपुडीत अडकलेला दिसला. पहिलं पडणं ठरलेलं होतं. दुसरं नव्हतं. 'खोटं असतं' म्हणणाऱ्या काकांनी एकदा माळ्यावरून नुसत्या गादीवर पडून दाखवावं. ठरवून पडले तरी चालेल.

कोल्हापूरकर भेटला की पेच वेगळा. "ह्यो कसला पैलवान? माती न्हाई, लंगोट न्हाई, वस्ताद न्हाई." हे मात्र मान्य. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून आणलेलं पदक कुठल्या लेखकाने लिहून दिलेलं नव्हतं. पण वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगच्या फ्री-स्टाइल बघायला मुंबई लोटायची, ती काय मातीचा वास घ्यायला? त्या दारासिंगला पुढे आपण 'रामायणा'त हनुमान म्हणून हात जोडले. आणि राहता राहिला शिस्तीचा मुद्दा. अमेरिकेत पंच दर आठवड्याला लाथ खातो, पण ठरवून. अहिल्यानगरला २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत पंचाला बसलेली लाथ ठरलेली नव्हती, आणि मारणाऱ्या मल्लावर तीन वर्षांची बंदी आली. तिकडे अशाच माणसाचे टी-शर्ट खपले. स्टोन कोल्ड त्याचं नाव.

आता खरं दुखणं. भारतीय फॅनला ही कंपनी काय समजते, ते २०१७ साली कळलं. जिंदर महाल हा कॅनडात वाढलेला पंजाबी पैलवान तोवर कुणाच्याही हातून हरायच्या कामावर होता. मे महिन्यात एकाएकी त्याने रँडी ऑर्टनला हरवलं आणि थेट मुख्य पट्टा कमरेला. कारण? भारत. एवढी लोकसंख्या, एवढे डोळे. दोनच दिवसांत भांगडा, ढोल, फेटे. आम्हाला वाटलं, ठीक आहे, बाजारासाठी का होईना, आपला माणूस राजा झाला. डिसेंबरासाठी दिल्लीचा कार्यक्रम जाहीर झाला. आता बघा लेखनकौशल्य. ज्या गिऱ्हाइकासाठी पट्टा दिला, त्या गिऱ्हाइकाच्या गावी जायच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरात, इंग्लंडमध्ये तो काढून घेतला. मग दिल्लीत, घरच्या मैदानावर, त्याला हरवायला आला ट्रिपल एच. कंपनीचा जावई, ऑफिसात बसणारा अधिकारी. हरवलं आणि वर त्याच्याबरोबर भांगडाही केला. देवळापर्यंत पालखी आणायची, गाभाऱ्यात देव बदलायचा आणि वर म्हणायचं, प्रसाद घ्या.

खलीचं तरी काय? हिमाचलचा दलीपसिंग राणा, सात फुटांच्या वरचा देह. २००६ मध्ये आल्या आल्या अंडरटेकरला आडवं केलं. पुढच्या वर्षी विश्वविजेता. आम्ही कॉलर ताठ करून फिरलो. नंतर त्याला प्रेक्षकांतल्या बायकांच्या पाप्या घेत फिरवला. भारतात येऊन तो 'बिग बॉस'मध्ये उपविजेता ठरला आणि २०२२ मध्ये भाजपमध्ये गेला. यात त्याची चूक नाही. तिन्ही ठिकाणी भरती एकाच गुणावर होते: दुरून दिसायला हवा.

तिकडचंही वेगळं नाही. २००७ च्या रेसलमेनियात डोनाल्ड ट्रम्प यांनी कंपनीच्या मालकाला, विन्स मॅकमॅन यांना, भर रिंगमध्ये खुर्चीत बसवून चकोट केलं. विन्स यांच्या पत्नी लिंडा २००१ मध्ये गुंगीचं औषध दिलेल्या अवस्थेत व्हीलचेअरवर बसून होत्या. ऐन मोक्याला ताडकन उठल्या आणि नवऱ्याला नको तिथे लाथ घातली. मार्च २०२५ मध्ये त्या अमेरिकेच्या शिक्षणमंत्री झाल्या. अंडरटेकरचा 'भाऊ' केन, ज्याने त्याला शवपेटीत कोंडून पेटवून दिलं होतं, तो टेनेसीत नॉक्स काउंटीचा मेयर झाला. २०१८ ला निवडून आला, २०२२ ला पुन्हा. आपल्याकडे सकाळी एका गटात आणि संध्याकाळी दुसऱ्या गटात जाणाऱ्यांना नावं ठेवतात. त्यांना निदान आग लावून घ्यावी लागत नाही.

हल्ली कंपनीने नवा धंदा काढलाय. जुलै २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर 'अनरिअल' नावाची मालिका आली. त्यात पडद्यामागे लेखक टेबलाभोवती बसून कोण जिंकणार, कोण पडणार ते ठरवताना दिसतात. म्हणजे आधी खोटं विकायचं, मग खोटं कसं बनवलं ते विकायचं. एकाच कोंबडीचा रस्सा आणि तिच्याच पिसांची उशी. मला आक्षेप नाही, पैसे भरून बघितलं. पण इतक्या सुजाण, इतक्या गंभीर चेहऱ्याच्या मंडळींनी टेबलाभोवती बसून जे ठरवलं, ते हे?

जॉन सीनाचं शेवटचं वर्ष घ्या. वीसेक वर्षं हा माणूस सज्जन. पोरंटोरं त्याचे टी-शर्ट घालून झोपायची, मोठे त्याला शिव्या घालायचे, आणि सगळे एकच मागत होते: एकदा तरी खलनायक हो. मार्च २०२५ मध्ये टोरंटोत तो झाला. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. त्या रात्री शेजारी उभा असलेला रॉक पुढच्या महिन्यात रेसलमेनियाला फिरकलाच नाही, आणि सतराव्यांदा विश्वविजेता व्हायला सीनाला एका रॅपरची मदत घ्यावी लागली. ऑगस्टात एके दिवशी तो पुन्हा सज्जन झाला. का, ते विचारू नका. लेखकांनीही विचारलं नसावं.

शेवटची लढत १३ डिसेंबर २०२५, वॉशिंग्टन, समोर गुंथर. जाणाऱ्याने हरून जायचं, पुढच्याला मोठं करून जायचं, हा या धंद्याचा जुना रिवाज आहे आणि तो चांगला आहे. सीनाला चितपट करा, तीनदा आपटा, पाठ टेकवा, आमचं काही म्हणणं नाही. पण गळ्याभोवती विळखा पडला आणि त्याने हाताने थापटून शरणागती पत्करली. आयुष्यभर टॉवेलवर 'हार मानू नका' असं छापून विकलेल्या माणसाने हार मानली. हरणं वेगळं आणि हार मानणं वेगळं, हे कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात चणे-फुटाणे विकणारा सांगेल. टेबलाभोवतीच्या एकालाही सुचलं नाही?

नंतर ट्रिपल एच बाहेर आला, तोच तो दिल्लीचा भांगडेवाला, आता सगळं ठरवणारा. सगळ्या सभागृहाने त्याची हुर्यो उडवली. तेवढी एक गोष्ट त्या रात्री मनापासूनची वाटली. अर्थात नेटफ्लिक्सवर एखाद्या सीझनमध्ये कळेलच, तीही कागदावर होती का.