न खपलेल्या गाण्यांचं गिऱ्हाईक

उत्तर इंग्लंडात, मँचेस्टरच्या आसपासच्या गिरणगावांत, शनिवारी रात्री एखाद्या जुन्या नाचघरात किंवा कामगार क्लबच्या हॉलमध्ये शिरलात तर हा गृहस्थ हटकून भेटतो. वय सत्तरीला टेकलेलं. डावा गुडघा सरकारी इस्पितळाने बदलून दिलेला, उजव्याचा नंबर लागलेला. जाकिटावर वळलेल्या मुठीचं चित्र असलेला बिल्ला. खिशात टाल्कम पावडरचा डबा, कारण लाकडी जमिनीवर पावडर भुरभुरल्याशिवाय बूट घसरत नाहीत आणि बूट घसरल्याशिवाय या गाण्यांवर नाचता येत नाही. आणि हातात एक चौकोनी पेटी. ही पेटी तो जमिनीवर ठेवत नाही, टेबलावर ठेवलीच तर तिच्यावर कोपर ठेवून बसतो, आणि लघुशंकेला जाताना बरोबर घेऊन जातो. आत सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डी असतात. त्यांची किंमत बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या मोटारीच्या कितीतरी पट आहे. मोटारीला कुलूप लावायला मात्र तो विसरतो.

त्याच्याशी ओळख काढावी म्हणून तुम्ही म्हणता, "आम्हालाही सोल संगीत आवडतं हो. स्टीव्ही वंडर म्हणजे काय!" तो रागावत नाही. अजाण मुलाकडे बघावं तसं बघतो आणि म्हणतो, "गातो चांगला. पण खपला ना!"

खपणं हा त्याच्या लेखी दोष आहे. लाखो लोकांनी घेतलेलं गाणं तो सुपरमार्केटच्या रांगेत गुणगुणेल, पण पेटीत ठेवणार नाही. पेटीत जागा मिळायची तर गाणं साठच्या दशकातलं हवं, ठेका धावता हवा, गायकाचं काळीज फाटलेलं हवं, आणि ते निघालं त्या आठवड्यात अमेरिकेत कुत्र्यानेही हुंगलेलं नसावं. आपल्याकडे बालगंधर्वांच्या ७८च्या रेकॉर्डी धुंडाळणारी माणसं असतात. पण ती शोधतात ते एकेकाळी अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेलं आणि नंतर अडगळीत गेलेलं. हा शोधतो ते मुळात कुणी डोक्यावर घेतलंच नव्हतं ते. जगात अपयशाला एवढा रोख भाव देणारा दुसरा बाजार माझ्या पाहण्यात नाही.

हा बाजार उभा राहिला तो डेट्रॉइटच्या कृपेने. साठच्या दशकात तिथल्या मोटाउन कंपनीची गाणी तुफान चालायला लागली, तशी शिकागोत, फिलाडेल्फियात, लॉस एंजेलिसमध्ये आणि खुद्द डेट्रॉइटमध्ये ज्याच्या हाती चार पैसे होते त्याने एक कंपनी काढली, चर्चमध्ये गाणारी एखादी पोरगी गाठली आणि तसंच गाणं करून बघितलं. बहुतेकांचं दिवाळं वाजलं. रेकॉर्डी गोदामांत पडल्या. पुढे अमेरिकेची चव बदलली. संथ, जड, फंक ढंगाची गाणी आली. इकडे उत्तर इंग्लंडात, लँकेशरमधल्या कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या पोरांना मात्र शनिवारी रात्री तोच जुना धावता ठेका हवा होता. अमेरिकेने तो करणं थांबवलं होतं. तेव्हा नवीन गाणं म्हणजे १९६५-६६ सालचं, फक्त आजवर कुणी न ऐकलेलं, अशी व्यवस्था ठरली. ती आजतागायत चालू आहे. आपला गृहस्थ परवा मला सांगत होता, की सध्या एक अगदी ताजं गाणं हाती आलंय. गायिका नातवंडांची लग्नं करून बसलेली असणार.

या प्रकाराला 'नॉर्दर्न सोल' म्हणतात. यातली 'उत्तर' इंग्लंडची, गाणं अमेरिकेचं, आणि नाव ठेवलं लंडनच्या माणसाने. हे शेवटचं आपल्या गृहस्थाला आजही सलतं. डेव्ह गॉडिन नावाचा पत्रकार होता, त्याचं लंडनमध्ये सोलच्या रेकॉर्डींचं दुकान होतं. फुटबॉलच्या सामन्यांना आलेली उत्तरेकडची पोरं दुकानात शिरायची आणि नव्या मालाकडे ढुंकून न बघता जुनं काही आहे का विचारायची. दुकानातल्या नोकरांना सोयीचं जावं म्हणून गॉडिनने हा शब्द काढला आणि १९७० मध्ये 'ब्लूज अँड सोल' मासिकातल्या आपल्या सदरात छापला. म्हणजे बारसं झालं ते विक्रेत्याच्या सोयीसाठी. गृहस्थ म्हणतो, "माणूस मात्र जाणकार होता." लंडनच्या माणसाबद्दल त्याने काढलेला हा एकमेव बरा उद्गार.

त्याचा स्वतःचा इतिहास शाळेपासून सुरू होत नाही, विगन गावातल्या 'विगन कॅसिनो' या नाचघरापासून होतो. २३ सप्टेंबर १९७३ ला तिथल्या सोलच्या रात्री सुरू झाल्या आणि डिसेंबर १९८१ मध्ये ते बंद पडलं. नाव कॅसिनो असलं तरी तिथे जुगार नव्हता आणि या रात्रींना दारूही मिळत नसे. शनिवारी मध्यरात्रीनंतर दार उघडायचं, रविवारी सकाळी आठला बंद व्हायचं, आणि मधला सगळा वेळ पोरं घामाने निथळत नाचायची. काही जणांना जागं ठेवायला गोळ्या लागत. या विषयावर गृहस्थ एकदम हवामानाबद्दल बोलू लागतो. शेवटची तीन गाणी ठरलेली असत, आणि ती संपल्यावर जी बधिर शांतता पसरायची तिच्याबद्दल तो इतकं आणि इतका वेळ बोलतो, की शांततेचा संबंध उरत नाही.

आता एवढ्या छोट्या पंथात तरी सगळे समान असावेत. पण छे! मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हीलमध्ये नाचलेले लोक स्वतःला आद्य समजतात. ते बंद पडल्यावर स्टोकच्या टॉर्च क्लबमध्ये जे गेले, त्यांना कॅसिनो म्हणजे जत्रा वाटते. कॅसिनोवाले २०१४ चा 'नॉर्दर्न सोल' हा सिनेमा पाहून आलेल्यांना हिशेबात धरत नाहीत. आणि ब्लॅकपूलच्या मेक्का या नाचघराचं नाव काढलं की वातावरण तापतं. तिथले डीजे इयन लेव्हिन आणि कॉलिन कर्टिस यांनी सत्तरच्या दशकातली, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने खरोखर नवी गाणी वाजवायला घेतली होती. त्यावरून जे भांडण पेटलं ते विझवायची कुणाची इच्छा दिसत नाही.

पण आपल्या गृहस्थाचा स्वभाव कळायचा तर आच्छादनाचं तंत्र समजून घ्यायला हवं. एखाद्या डीजेला दुर्मीळ रेकॉर्ड मिळाली, की तो पहिलं काम काय करायचा? लेबलवर दुसरा कागद डकवून त्यावर खोटं गाणं आणि खोटा गायक लिहायचा. कारण खरं नाव फुटलं तर दुसरा डीजे तीच रेकॉर्ड शोधून काढेल आणि आपली मक्तेदारी संपेल. ज्या गायकाला अमेरिकेत नाव मिळालं नाही, त्याचं होतं तेही नाव त्याच्या इथल्या सगळ्यात मोठ्या भक्ताने पुसून टाकायचं! प्रेमाची ही तऱ्हा मला अजून पचलेली नाही.

याचा कळस म्हणजे फ्रँक विल्सन. मोटाउनचा हा तरुण माणूस. त्याने १९६५ मध्ये 'डू आय लव्ह यू' हे गाणं गायलं, मोटाउनच्याच 'सोल' या लेबलवर त्याच्या नमुनाप्रती निघाल्या, आणि मग गाडं थांबलं. विल्सनने गाण्याऐवजी दुसऱ्यांची गाणी घडवायचं काम पत्करलं. नमुनाप्रती नष्ट झाल्या; उरल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे तेच गाणं विगन कॅसिनोत दणाणलं, तेही 'एडी फॉस्टर' या नावाने. पोरं भलत्याच माणसाच्या नावाने वेडी झाली, आणि खरा माणूस पुढे धर्मोपदेशक झाला. २००९ मध्ये एक प्रत पंचवीस हजार पौंडांवर गेली. २०२० मध्ये एका प्रतीला एक लाख पौंड मिळाले. जुन्या रेकॉर्डीच्या फेरविक्रीत गायकाला छदाम मिळत नाही, हा व्यवहाराचा नियमच आहे. विल्सन तर २०१२ मध्येच गेला होता.

आता फोनमध्ये गाणं ओळखणारं ॲप आलं आणि आच्छादनाची कला धोक्यात आली. गृहस्थ नवीन रेकॉर्ड लावतो तेव्हा गाण्याकडे त्याचं लक्ष नसतं. समोरची तरुण पोरं फोन वर धरतात का, याकडे असतं. फोनने हात टेकले की त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते मुलाच्या लग्नातही आलेलं नव्हतं. हे त्याच्या बायकोचं मत. मुलगाही दुजोरा देतो.

रेकॉर्ड पारखताना हा माणूस बघण्यासारखा असतो. आधी ती दिव्याखाली तिरपी धरायची. मग कडेला नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. व्हायनल मऊ बोलतं, स्टायरीन कडक. स्टायरीनची असेल तर सुईने ती लवकर झिजते, म्हणून चेहरा पाडायचा. मग गाणं संपून लेबल सुरू होतं त्या मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले आकडे भिंगातून वाचायचे, कारण नकली रेकॉर्ड बहुधा तिथेच उघडी पडते. नकलांचा त्याला भयंकर तिटकारा. "माझ्या घरात नकली रेकॉर्ड येत नाही," हे वाक्य तो महिन्यातून दोनदा तरी म्हणतो. यानंतर दर्जा ठरवायचा. इथे 'मिंट' म्हणजे जवळपास कुणी हात न लावलेली, आणि 'व्हेरी गुड' म्हणजे पावसाळ्यात पत्र्यावर ऐकू येतो तो आवाज. लेबलवर कुणी पेनाने लिहिलं असेल तर किंमत खाली. साठ वर्षांपूर्वी डेट्रॉइटच्या एखाद्या मुलीने हौसेने रेकॉर्डवर स्वतःचं नाव घातलेलं असतं. ती बिचारी त्या गाण्याचं जगातलं एकमेव गिऱ्हाईक असू शकते. गृहस्थ तिला 'डाग' म्हणतो.

त्याची बायकोही त्याच पंथातली, कॅसिनोच्या नाचाच्या जमिनीवर भेटलेली. नाचायची त्याच्याहून चांगली, आणि अजून नाचते. फरक असा, की त्याला रेकॉर्डचा नंबर पाठ असतो, हिला गाणं. "कुठलं गं ते?" असं त्याने विचारलं की ती दोन ओळी गाऊन दाखवते. "ते नको, नंबर सांग," असं तो म्हणतो. कुठलं लेबल, कितीला घेतलं, यात तिला काडीचा रस नाही. ती गाणी सीडीवरूनही ऐकते. हे तो पाहुण्यांपासून लपवतो.

त्यांचा एकमेव खरा खटका १९८१ मध्ये उडाला. कॅसिनोवाल्यांचं एक लाडकं गाणं होतं, ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह'. १९६५ मध्ये दुसऱ्या एका गाण्याच्या मागल्या बाजूला निघालेलं आणि धाडकन पडलेलं. रिचर्ड सर्लिंग या डीजेने १९७३ मध्ये अमेरिकेच्या वारीत ते फिलाडेल्फियातून उचलून आणलं. आणि १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या जोडगोळीने तेच गाणं सिंथेसायझरवर वाजवून इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर नेलं. ज्यांनी गाणं आयुष्यभर पोटाशी धरलं त्यांच्या शेजारची न्हाव्याची दुकानंही ते लावू लागली. बायकोला आनंद झाला: "बघ, शेवटी लोकांना आवडलंच की!" गृहस्थ पंधरा दिवस जेमतेम बोलला. त्याची अडचण नेमकी तीच होती.

मग प्रश्न असा, की गाणारी माणसंच समोर आली तर हा काय करतो? ती येतात. १९७२ मध्ये शिकागोचा मेजर लान्स टॉर्चमध्ये गायला, त्याची रेकॉर्डही निघाली. एडविन स्टार तर इंग्लंडातच राहिला, आणि २००३ मध्ये नॉटिंगहॅमजवळ वारला. हे तसे नावाजलेले. आता समुद्रकाठच्या सुट्टीच्या छावण्यांत शनिवार-रविवारचे सोहळे होतात, आणि त्यांत कधी कधी एखादी अशी गायिका आणतात, जिने तरुणपणी दोन रेकॉर्डी केल्या, मग पोस्टात किंवा शाळेत नोकरी धरली आणि ते सगळं विसरून गेली. एक दिवस इंग्लंडातून फोन येतो: तुमच्या गाण्यावर इथे लोक पन्नास वर्षं नाचताहेत. पहिल्यांदा ती हा फोन फसवणुकीचा समजून ठेवून देते.

यायचं ठरलं की तिला स्वतःचं गाणं पाठ करावं लागतं. स्टेजवर कागद धरून ती पहिली ओळ म्हणते, आणि हजार म्हातारी माणसं दुसरी ओळ म्हणतात. कागद खाली येतो. ती गाणं थांबवून नुसती बघत राहते. अशा वेळी आपला गृहस्थ ढसाढसा रडतो, आणि हे रडणं अगदी खरं असतं, त्याबद्दल मला जराही शंका नाही. त्याच श्वासात तो शेजाऱ्याला सांगतो, की कडव्यातला तो सूर रेकॉर्डवर अर्धा सेकंद आधी येतो.

कार्यक्रमानंतर सह्यांची रांग लागते. गृहस्थ पेटी छातीशी धरून तासभर उभा राहतो. नंबर येतो. तो दोन बोटांनी, कडा सांभाळत, ती रेकॉर्ड बाहेर काढतो. गायिका पेन उघडते.

"नको, नको, त्यावर नको!" तो ओरडतो. "लेबलवर लिहिलं की दर्जा उतरतो."

सही मग कार्यक्रमाच्या पत्रकावर होते. पण तिची नजर रेकॉर्डवरून हलत नाही. "माझ्याकडे हिची एकही प्रत नाही," ती सांगते. "आईकडे होती, घर बदलताना हरवली. ही मला देतोस का रे बाळा? काय असेल ते देते मी."

गृहस्थाच्या कपाळावर घाम येतो. मागे रांग थांबलेली. बायको बघत असते. मग तो पेटीच्या तळाचा पुठ्ठा हळूच उचलतो आणि खालून तीच रेकॉर्ड, तेच लेबल, तेच नाव, नवीकोरी, चकचकीत, काढून तिच्या हातात ठेवतो. ती त्याचा गाल धरून मुका घेते.

"नकली ना ती?" रांगेबाहेर आल्यावर बायको विचारते.

"हळू बोल."

"अजून किती आहेत पुठ्ठ्याखाली?"