शून्याच्या पत्त्यावर

जावातला प्रोग्रॅम सारखा काहीतरी विचारत असतो. या ग्राहकाचं नाव सांग, या बिलाची रक्कम सांग. ग्राहकच नसेल, म्हणजे तिथे नल असेल, तर ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ फेकायचं असा भाषेचा नियम आहे. कुणीही सरळमार्गी माणूस म्हणेल, मग दर वेळी आधी बघून घ्या की! हॉटस्पॉट हे जावाचं सगळ्यात प्रचलित व्हर्च्युअल मशीन मात्र एकदा कोड तापला, म्हणजे वारंवार चालू लागला, की शक्यतो बघतच नाही. सरळ हात घालतं.

या बेफिकिरीमागे पक्का हिशेब आहे. नल म्हणजे पत्ता शून्य, आणि मेमरीचं ते पहिलं पान ऑपरेटिंग सिस्टिम सहसा कुणाच्याच नावावर करत नाही. तिथे वाचायला गेलं की प्रोसेसर अडवतो, कर्नलला उठवतो आणि कर्नल सिगसेग्व्ही नावाचा सिग्नल धाडतो. लिनक्सवर त्याचा क्रमांक ११. सी भाषेतला प्रोग्रॅम एवढ्यावर बहुधा जागीच कोसळतो. प्रोसेसर पहारा देतोच आहे, तोही फुकट, मग आपण कशाला विचारत बसायचं, असा हॉटस्पॉटचा विचार. मला तो फार आवडतो. आळसाला इतकं तर्कशुद्ध रूप क्वचितच मिळतं.

सिग्नल आला की आधीच नेमून ठेवलेला हँडलर जागा होतो. कोणत्या पत्त्याला हात लागला? शून्याच्या आसपासच ना? हात लावणारी सूचना आपल्याच कोडमधली आहे ना? खात्री पटली की तो एक छोटीशी लबाडी करतो. प्रोग्रॅम पुढे कुठून सुरू व्हायचा याची जी नोंद कर्नलने जपून ठेवलेली असते, तिच्यात तो एक्सेप्शन फेकणाऱ्या कोडचा पत्ता लिहितो आणि गुपचूप परततो. कर्नल त्या नोंदीबरहुकूम प्रोग्रॅम पुढे चालू करतो. जुन्या एकत्र कुटुंबात आजोबा माजघरातून गरजत आणि आजी पडवीत येऊन मुलांना म्हणे, ‘दिवेलागणीच्या आत घरी यायला सांगितलंय हो.’ हँडलरचं काम तेच. प्रोग्रॅमरपर्यंत पोचतं ते कॅच करता येण्याजोगं, शहाण्यासारखं बोलणं. जावा १४ पासून तर नेमकं काय नल होतं हेही सांगायची सोय आहे.

अर्थात हा थाट चूक विरळा असेल तोवरच परवडतो. सिग्नलची ही सगळी वरात साध्या तुलनेपेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून एकाच जागी वारंवार नल सापडू लागला की हॉटस्पॉट तो कोड पुन्हा कंपाइल करतो आणि निमूटपणे आधी तपासू लागतो. कधी कधी तर वैतागून आधीच तयार ठेवलेलं एक्सेप्शन भिरकावतो, ओळ क्रमांकाशिवाय, स्टॅक ट्रेसशिवाय. लॉगमध्ये नुसतं नाव बघून नवख्याला घाम फुटतो.

स्टॅक, म्हणजे चालू फंक्शनांची कामाची जागा, संपतो तेव्हाही असाच सिग्नल येतो, पण तिथे आणखी पंचाईत. हँडलरलाही उभं राहायला जागा लागते आणि संपलेली असते नेमकी जागाच. म्हणून काठाशी काही पानं राखीव असतात आणि कोड जरा पुढची पानं आधीच चाचपून बघतो, म्हणजे ठेच लागेल ती पाय टेकायला जागा आहे तोवरच.

सगळ्यात गंमत भागाकाराची. इंटेलच्या धर्तीच्या प्रोसेसरवर शून्याने पूर्णांक भागला की प्रोसेसर स्वतःच ओरडतो, त्यामुळे हॉटस्पॉटच्या इंटरप्रिटरला शून्य तपासावं लागत नाही. पण -२१४७४८३६४८ ला -१ ने भागलं तरी तो तसाच ओरडतो, कारण उत्तर ३२ बिटांत मावत नाही. जावाचा नियम सांगतो की इथे तक्रार नाही, उत्तर तीच संख्या. म्हणजे शून्य खुशाल आत जातं आणि दारात अडवून चौकशी होते ती बापड्या -१ ची. एआरएमच्या ६४ बिटी प्रोसेसरवर नेमकं उलटं. -१ चं उत्तर तो जावाला हवं तसंच देतो, शून्याने भागलं तर मात्र चकार शब्द न काढता उत्तर शून्य म्हणून मोकळा होतो. तिथे शून्याची झडती हॉटस्पॉटला स्वतःच घ्यावी लागते, दर भागाकाराला.