टेबलावरचा ड्राय डे

आमच्या ऑफिसात त्याला सगळे 'ड्राय डे' म्हणतात, तेही तोंडावर. शुक्रवारी संध्याकाळी "बसायचं का?" असं कुणी नुसतं डोळ्यांनी विचारलं, तरी बॅग आवरून लिफ्टपाशी पहिला उभा असतो तो हाच. आयुष्यात थेंबाला शिवलेला नाही आणि आमची एकही बैठक चुकवलेली नाही.

पबात शिरल्यावर तो वेटरचा हात आधी पोचेल अशी खुर्ची धरतो. मग मेनूकार्डातली फ्रेश लाईम सोड्याची किंमत मोठ्याने वाचतो आणि "एवढ्यात घरी महिनाभराची लिंबं येतात" असं म्हणतो. कुणीतरी वैतागून "अरे, माझ्याकडून घे" म्हणतंच. किंमत त्यासाठीच वाचलेली असते.

पण त्याचा खरा हात बघावा तो चकण्यात. मसाला शेंगदाणे आले की बाकीचे चमच्याने कांदा-टोमॅटोसकट उचलतात. हा तीन बोटांनी ढिगाखालून दाणे काढतो. वरची कोथिंबीरसुद्धा हलत नाही. बशी भरलेलीच दिसते. दुसऱ्या राउंडला कुणी चमचा घालतो तेव्हा कळतं, खाली नुसतं लिंबाचं पाणी उरलंय. मसाला पापडाचा मधला भाग त्याचा, कडा जनतेच्या.

कायद्याचा अभ्यास दांडगा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, प्यायला परवाना लागतो आणि तो 'आरोग्य राखण्यासाठी' दिला जातो, हे आम्हाला त्यानेच सांगितलं. बिअरला वयाची २१ वर्षं लागतात, व्हिस्कीला २५, हेही. आणि अख्ख्या टेबलावर हजार रुपये भरून काढलेला आजीवन परवाना एकट्या त्याच्याच पाकिटात आहे. लॅमिनेट केलेला! "उद्या धाड पडली तर?" म्हणतो. लिंबू-सोड्यावर कोण धाड घालणार, हे विचारायची सोय नाही, कारण बिल त्याच्या हातात असतं.

ते तो मोबाईलच्या टॉर्चखाली वाचतो. दारूवर व्हॅट, तो १ नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के झाला. खाण्यावर जीएसटी पाच टक्के. आणि सर्व्हिस चार्ज ऐच्छिक. हा शेवटचा मुद्दा मॅनेजरला बोलावून समजावला जातो. मॅनेजर चार्ज काढतो, आम्ही लाजेकाजेस्तव तेवढीच टीप ठेवतो. मग वाटणी. "पेयं ज्याची त्याने, खाणं सगळ्यांत समान." हे इतकं न्याय्य वाटतं, की दाणे कुणी संपवले हा प्रश्न त्या अवस्थेत कुणालाच सुचत नाही.

घरी मात्र तोच पोचवतो, हे कबूल करायला हवं. वाटेत नाकाबंदी दिसली की आम्ही गप्प होतो आणि हा खुलतो. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच खेपेला दहा हजारांचा दंड, हे ऐकवत गाडी मुद्दाम सावकाश घेतो. हवालदाराने हात करून पुढे सोडलं तर हिरमुसतो. फुंकायला मिळालंच तर असा फुंकतो, की हवालदारच "बास, साहेब, बास" म्हणतो.

आम्हाला शुक्रवार तुटक तुटक आठवतो, त्याला सलग. साहेबांना कोण काय म्हणालं, कोण कुणाच्या गळ्यात पडून रडलं, कितव्या राउंडला, सगळं क्रमवार. सोमवारी टपरीवर तो इतकंच विचारतो, "मग, राजीनामा देणार होतास ना?" चहाचे पैसे कोण देतं, हे सांगायला नकोच.

तुमच्या टेबलावर असा कुणी असेल तर दाण्यांची दुसरी बशी आधीच सांगून ठेवा, आणि साहेबांचा विषय ती संपायच्या आत आटपा.