भोईवाडा ते दादर व्हाया आलं

परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात हल्ली काचेचं हॉटेल आहे. तिथे आलं, ओली हळद आणि लिंबाचा साठ मिली रस दीडशे रुपयांना मिळतो. त्याला ‘वेलनेस शॉट’ म्हणतात. एवढासा घोट एका दमात ढकलून तोंड वाकडं करणं गिरणगावाला नवं नाही. १९८२च्या संपाआधी पाळी सुटली की माणसं नवटाक मारायची, ती अशीच. तेव्हा त्यावरून बायका भांडायच्या, आता त्याच पाजतात.

दोन माणसं, रोज एकेक, म्हणजे महिना नऊ हजार. सौ.ने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. “घरीच करायचं. आलं दादरहून आणायचं, पहाटे.”

पहाटे हातात पिशवी आणि थर्मास घेऊन भोईवाड्यातून निघणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारतात. १९२६चं के.ई.एम. आणि १९४१चं टाटा ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर असल्यावर दुसरा कोणता विचारणार?

“पेशंट कसाय?” चहावाल्याने विचारलं.

“आलं आणायला चाललोय.”

“होईल बरं,” तो म्हणाला. टॅक्सीवाल्याने तर न विचारताच टाटाच्या दिशेला मान हलवली.

हिंदमाता आम्ही पायी ओलांडलं. ओल्या हळदीचा मोसम थंडीत येतो म्हणून हे जमलं. जुलैत तिथे पाणी तुंबलं की याच मोहिमेला तांडेल लागतो. पुढे आंबेडकर रोड, दादर टी.टी. आणि टिळक पूल. पूल उतरलो की फुलांचा वास संपतो तिथे कोथिंबिरीचा सुरू होतो आणि मधल्या दोन फुटांत हातगाडी अंगावर येते.

“पाव किलो आलं द्या.”

“काका, अडीच किलोखाली मोडत नाही.”

घाऊक भाव ऐकून सौ.च्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते लग्नातल्या फोटोतही नाही. अडीच किलो आलं, तेवढीच हळद, शिवाय आवळे. पिशवीचा बंद तुटला. परतताना टॅक्सी.

टॅक्सीचं मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतं. सौ.ने ते पाहिलं आणि घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

मिक्सरचं भांडं पिवळं झालं, ओटा पिवळा झाला, माझी बनियन तर कायमची. हळदीतलं कर्क्युमिन एकटं अंगी लागत नाही, म्हणून सौ.ने वर मिरी भरडली. वास गॅलरीभर गेला आणि अख्खा मजला सल्ल्यासह हजर झाला.

“दुधी-कारलं घाला,” एक आजी म्हणाल्या.

“मुळीच नाही!” रुग्णालयात नोकरी करणारे शेजारी गरजले. “दुधी कडू निघाला तर विषारी असतो. आधी फोड चाखायची, कडू लागली की दुधी फेकायचा. कारल्यात मिसळलात तर कळणार कसं? वैद्यकीय संशोधन परिषदेनेच बजावलंय.”

आजींनी आपला दुधी पदराआड घेतला.

रस वाटला. मोठ्यांनी भिडेखातर घेतला, पोरं जिन्याखाली लपली. दोन किलो आलं तसंच उरलं, तेव्हा सौ.ने साखर आणवली आणि आलेपाकाच्या वड्या थापल्या. त्यांना मात्र पोरांची रांग लागली.

“काकू, उद्या परत दादरला जाणार?”

“काका जाणार,” सौ. म्हणाली. “बसने.”