तीनशेच्या भावात साडेचारशे

कंपनीने खोक्यावर छापलेल्या आकड्यावर ओव्हरक्लॉकरचा विश्वास नसतो. पावशेर गवार घेतली की हात जसा आपसूक फुकटच्या कोथिंबिरीकडे वळतो, तसा नवा प्रोसेसर बसवल्याबरोबर याचा हात डिलीटच्या बटणाकडे वळतो. बायोस उघडतो आणि घासाघीस सुरू होते.

त्याच्या आयुष्यातलं सुवर्णवर्ष १९९८. इंटेलच्या सेलेरॉन ३००एचा गुणक साडेचारावर कुलूपबंद होता. ६६ मेगाहर्ट्झच्या बसला साडेचारने गुणलं की ३००. याने गुणकाला हात न लावता बसच १०० वर नेली. झाले ४५०! त्या वेगाचा पेंटियम टू कितीतरी महाग होता. ॲबिटच्या बीएच६ बोर्डावर तर जंपरही हलवावा लागत नसे, बायोसमध्ये आकडा बदलला की काम फत्ते. हा पराक्रम तो अजून लग्नाच्या पंगतीत सांगतो. शेजारी बसलेला वरबाप आहे की केटरर, याची चौकशी न करता.

लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर भडकमकर मार्ग असतो, जिभेवर नसतो) दुकानदार त्याला लांबूनच ओळखतात. बाकीची गिऱ्हाइकं बोर्डाचा भाव विचारतात, हा व्हीआरएमवरचा हीटसिंक चाचपतो. "फेज किती?" १२ व्होल्टचे सव्वा-दीड व्होल्ट करून प्रोसेसरला पाजणारी ती मंडळी तापली, तर बोर्ड स्वतःहूनच वेग उतरवतो, हे त्याला पक्कं ठाऊक. दुकानदाराला एवढंच ठाऊक, की बोर्डाचा खोका लाल-काळा आहे.

२०११ साली इंटेलने या घासाघिशीला चाप लावला. सँडी ब्रिज प्रोसेसरांमध्ये जवळपास सगळा कारभार १०० मेगाहर्ट्झच्या एकाच घड्याळाला बांधला. ते पाच-सात टक्के पुढे ढकललं, की हार्डडिस्क रुसलीच म्हणून समजा. गुणक मोकळा फक्त 'के' लावलेल्या प्रोसेसरचा, आणि तोही पी६७ किंवा झेड६८ बोर्डावर. शेजाऱ्याने २५००के आणून एच६१वर बसवला हे कळताच आमचा माणूस सांत्वनाला गेला. चहासुद्धा नको म्हणाला.

आता जास्त पैशांचा प्रोसेसर, जास्त पैशांचा बोर्ड, वर डोंगराएवढा कूलर आणि दांडगा पॉवर सप्लाय, एवढं सगळं घेतल्यावर वेग 'फुकट' मिळतो. वहिनींनी एकदा या फुकटाची बेरीज केली होती. तो कागद सापडत नाही.

शिवाय उष्णता. व्होल्टेज वाढवलं की ती त्याच्या वर्गाच्या पटीत चढते, आणि पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. त्यामुळे बायोसमध्ये त्याने दोन प्रोफाइल जपली आहेत: 'मे' आणि 'डिसेंबर'. घरातला एकमेव एसी सासूबाईंच्या नावाने आला आणि संगणकाच्या खोलीत बसला. अधूनमधून बोर्ड उठतच नाही. मग तो २०३२ची बटण-बॅटरी काढतो, पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवतो, आणि सगळं पुन्हा कंपनीच्या आकड्यांवर येतं. "बिघडला का?" या प्रश्नावर त्याचं ठरलेलं उत्तर, "छे, जरा घाबरलाय."

एवढ्या वेगावर चालतं काय? सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, एक्सेलमध्ये. आणि प्राइम९५. जग तो मर्सेन मूळ संख्या शोधायला चालवतं, हा मशीन कोलमडतं का हे बघायला.

हल्लीचे प्रोसेसर स्वतःच जमेल तेवढ्या वेगाने पळतात; ओढून काढायला फारसं काही उरलेलं नाही. दुसरा कोणी गप्प बसला असता. याने घासाघीस उलट्या बाजूने सुरू केली. आता तो वेग तोच ठेवून व्होल्टेज उतरवतो. "वीज वाचते," असं वहिनींना सांगतो. उतरवलेलं व्होल्टेज टिकतं का हे बघायला प्राइम९५ रात्रभर चालू असतो. एसीसकट.