पावणेतीन घोड्यांचे स्नान

बडोद्याच्या सयाजीगंजात, काळ्या घोड्यापासून, म्हणजे महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापासून, हाकेच्या अंतरावर आमचे बिऱ्हाड आहे. आणि गायकवाडी अमदानीत ज्यांच्या वाडवडिलांची हयात दफ्तरांवर मखलाशी करण्यात गेली, त्या आमच्या अण्णांच्या अंगी तो कारकुनी बाणा अद्याप इतका शाबूत आहे की, दर दोन महिन्यांनी येणारे लाइटबिल ते तांबडी पेन्सिल हाती घेऊनच उलगडतात, आणि आकडा फुगलेला निघाला की त्यांचा पहिला हुकूम सुटतो तो जिन्यातल्या दिव्यावर.

वस्तुतः तो दिवा ९ वॅटचा एलईडी. वॅट हा वीज खाण्याचा वेग, आणि युनिट म्हणजे त्या वेगाने फस्त झालेला ऐवज. १००० वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट खर्ची पडले. या हिशेबाने त्या बापुड्या दिव्याला एक युनिट संपवायला १११ तास अहोरात्र जळावे लागते, तर २००० वॅटचा गिझर तेवढी मजल अर्ध्या तासात मारतो. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती. तेव्हा अण्णांच्या स्नानोदकासाठी रोज पहाटे जवळजवळ पावणेतीन घोडे राबतात, आणि चौकातला महाराजांचा घोडा मात्र चंदीवाचून उभा आहे!

"अहो, पण दिवा डोळ्यांना दिसतो," अण्णा म्हणाले, "गिझर कुठे दिसतो?" आपल्या बहुतेक घरांतील काटकसरीचे मर्म, माझ्या मते, या एका उद्गारात आहे: जे चकाकते त्याची झडती होते, आणि जे तापविते वा गारठविते ते बिनबोभाट निसटते. पंखा पाहायला आलेला इलेक्ट्रिशियनही शिडीवरूनच म्हणाला, "काका, बत्ती नथी खाती, गीझर खाय छे."

'दीड टनाचा' एसी घ्यावयाचा ठरला, तेव्हा भिंत एवढे वजन पेलेल काय, अशी अण्णांनी रीतसर चौकशी केली. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास जितकी उष्णता लागते, तितकी खोलीबाहेर हाकलण्याचे ते सामर्थ्य. एसीवरील ताऱ्यांवर मात्र, पत्रिका पाहण्याची सवय असल्याने, त्यांची श्रद्धा तत्काळ जडली. जास्त तारे म्हणजे तेवढाच गारवा कमी विजेत, हे खरे. परंतु २००६ साली सुरू झालेल्या या पद्धतीचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि पंचतारांकित यंत्राची ग्रहदशाही पालटते. शिवाय वैशाखात १८ अंशांवर एसी ठेवून वर गोधडी ओढण्याचा जो थाट आहे, त्यापुढे कोणतेही तारे निष्प्रभ. २४ अंशांपर्यंत चढताना दर अंशाला सुमारे ६ टक्के वीज वाचते.

ज्यांना या विधानांची खातरजमा करावयाची असेल, त्यांनी मीटरवरचा आकडा वाचावा. आमच्या मीटरवर ३२०० छापले आहे. म्हणजे तांबडा ठिपका तितक्यांदा लुकलुकला की एक युनिट. घरातले सारे बंद करून एकटा एलईडी लावा, दोन मिनिटांत एखादी लुकलुक दिसेल. मग गिझर लावा आणि मोजू लागा. मिनिटाला शंभरावर जाते.